ॲक्सिडेंट मोजत बसू नका, स्पीड मोजा

प्रश्न थोडक्यात परत लिहिते, कारण वर बऱ्याच जणांनी नुसतं हेडिंग वाचून उत्तरं दिलेली दिसतायत. पुण्याच्या उपनगरातला दीडेक किलोमीटरचा रस्ता, मध्ये डिव्हायडर, दोन्हीकडे दोन-दोन लेन, एका बाजूला शाळा आणि दुसऱ्या बाजूला सोसायट्या नि भाजीवाले. वर्षभरात रस्ता ओलांडताना एक आजी गेल्या, सातवीतला एक मुलगा सायकलवरून जाताना धडक बसून पाय मोडून घेऊन बसला. स्थानिक पुढारी म्हणतात पादचारी पूल आणून देतो, सोसायट्यांची मागणी स्पीडब्रेकरची, एका गटाला झेब्रा आणि सिग्नल हवाय, आणि ऑफिसमधून उत्तर मिळालं की सर्व्हे झाल्याशिवाय काही करता येणार नाही. तुम्ही चार-पाच जण स्वतः सर्व्हे करायला तयार आहात, तर काय मोजायचं, कसं मोजायचं, आणि यावर जे संशोधन झालंय ते काय सांगतं, असं तुमचं विचारणं आहे.

मी रोड सेफ्टी ऑडिटचं काम करते, म्हणजे रस्त्यावर उभं राहून धोका कुठे आहे ते शोधायचं आणि रिपोर्ट लिहायचा. तुमचा रस्ता मी बघितलेला नाही, त्यामुळे खाली लिहितेय त्यातल्या काही गोष्टी डिव्हायडर किती रुंद आहे, बसचा रूट आहे का, रस्ता महापालिकेचा की पीडब्ल्यूडीचा यावर बदलतील. पण सर्व्हे कसा करायचा ते फारसं बदलत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही "ॲक्सिडेंटची यादी करतोय" असं लिहिलंय, ती करा, नक्की करा, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. दीड किलोमीटरच्या एका रस्त्यावर वर्षाला दोन-तीन गंभीर अपघात होतात आणि हा आकडा इतका लहान आहे की त्यातून नेमकी जागा कुठली ते कळतच नाही, आणि उपाय लागू पडला की नाही हेही कळत नाही. यावर्षी तीन झाले, पुढच्या वर्षी काहीच न करतासुद्धा एक होऊ शकतो, आणि मधल्या काळात कोणी तिथे पिवळे पट्टे मारले असतील तर सगळं श्रेय पिवळ्या पट्ट्यांना जातं. संशोधनात ही फार जुनी डोकेदुखी आहे, कारण आपण उपाय नेहमी वाईट वर्ष गेल्यावरच करतो आणि वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेक वेळा आपोआपच बरं जातं. एझ्रा हाउअर नावाच्या संशोधकाने यासाठी हिशोबाची वेगळी पद्धतच बसवली, आधीचे-नंतरचे आकडे नुसते शेजारी ठेवायचे नाहीत, तशाच प्रकारच्या बाकीच्या रस्त्यांवर काय घडलं तेही त्यात धरायचं. तुम्हाला तेवढं गणित करायची गरज नाही, पण "अमुक सोसायटीने स्पीडब्रेकर टाकला आणि ॲक्सिडेंट बंद झाले" असं कोणी व्हॉट्सॲपवर छातीठोक सांगितलं की थोडं थांबून ऐका.

दुसरं, सरकारी आकडा किती पुरा आहे हाही प्रश्नच आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०१६ ला देशभर १,५०,७८५ मृत्यू आणि त्यात १५,७४६ पादचारी, म्हणजे साधारण दहा टक्के. २०२२ ला १,६८,४९१ मृत्यू आणि त्यात ३२,८२५ पादचारी, म्हणजे साडेएकोणीस टक्के. सहा वर्षांत पायी चालणाऱ्यांचा वाटा जवळपास दुप्पट झाला असं वरवर दिसतं, पण माझ्या मते त्यातला बराच भाग आधी नोंदच नीट होत नव्हती याचा आहे. आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन आणि गीतम तिवारी कितीतरी वर्षं हेच मांडत आले की पोलीस ठाण्यातल्या एफआयआर प्रत्यक्ष उघडून वाचल्या तर पादचाऱ्यांचा वाटा छापील तक्त्यापेक्षा खूप जास्त निघतो. आणि ज्याला नुसतं खरचटलं, हात फ्रॅक्चर झाला, रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं, तो तर पोलिसांच्या कागदावर येतच नाही, सायकलवाल्यांचं तर विचारूच नका. म्हणून पोलिसांकडे माहिती अधिकारात गेल्या तीन वर्षांच्या नोंदी जरूर मागा, पण त्याच्या जोडीला शाळेच्या ऑफिसात, जवळच्या दोन-तीन ऑर्थोपेडिकवाल्यांकडे आणि रस्त्यावरच्या चहावाल्याकडे विचारा. चहावाल्याला कुठे काय होतं ते पक्कं माहीत असतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

आता मोजायचं काय? स्पीड. ॲक्सिडेंट क्वचित होतात पण स्पीड दर मिनिटाला समोर असतो, आणि पायी चालणाऱ्याचा जीव जाणार की वाचणार हे बाकी कशाहीपेक्षा त्यावर जास्त ठरतं. स्वीडनच्या योरान निल्सन यांनी दाखवलेलं नातं अजूनही जगभर वापरतात, रस्त्यावरचा सरासरी वेग पाच टक्क्यांनी उतरला तर जीवघेणे अपघात साधारण वीस टक्क्यांनी उतरतात. धडकेच्या वेळचा वेग किती यावरही बरंच काम झालंय. जुन्या तक्त्यांत ताशी ५० किलोमीटरला धडक बसली तर बहुतेक लोक मरतात असं दाखवायचे, ते जरा फुगवलेलं होतं कारण हलक्या जखमेच्या केसेस नोंदीत कमी यायच्या. रोसेन आणि सँडर यांनी २००९ मध्ये जर्मनीतला डेटा नीट तपासून सांगितलं की कारने ५० च्या स्पीडला ठोकलं तर मृत्यूचा धोका ४० च्या दुपटीहून जास्त आणि ३० च्या पाचपटीहून जास्त. आणि हे पंधरा वर्षांवरच्या सगळ्या वयांचं मिळून आहे, सत्तरीतल्या माणसाचं शरीर त्याहून खूप कमी सोसतं. तुमच्या प्रश्नात आजी आहेत म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

याचं साधं गणित एकदा करून बघा, मीटिंगमध्ये सांगायला फार उपयोगी पडतं. ड्रायव्हरला माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. ३० च्या स्पीडला गाडी या दीड सेकंदात साडेबारा मीटर जाते आणि मग ब्रेक लागून आणखी पाच मीटरवर थांबते, म्हणजे एकूण साडेसतरा. ५० ची गाडी त्याच दीड सेकंदात जवळपास एकवीस मीटर जाते. म्हणजे बघा, जिथे ३० वाली गाडी पूर्ण थांबलेली असते तिथे ५० वाल्याचा पाय अजून ब्रेकवर पडलेलासुद्धा नसतो, तो माणसाला पूर्ण ५० नेच ठोकणार. आणि हे कोरडा रस्ता, बरे टायर धरून, पावसाळ्यात डांबरावर वाळू आणि पाणी असताना काय होतं ते तुम्हीच बघताय.

स्पीड मोजायला गन लागत नाही. रस्त्याच्या कडेला टेपने मोजून बरोबर तीस मीटरवर खडूच्या दोन खुणा करा, किंवा दोन खांबांमधलं अंतर मोजून घ्या. समोरच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोन्ही खुणा दिसतील असा मोबाइल लावून व्हिडिओ काढा. मग घरी बसून प्रत्येक गाडीला या खुणेपासून त्या खुणेपर्यंत किती सेकंद लागले ते बघायचं आणि १०८ ला त्या सेकंदांनी भागायचं, आला ताशी किलोमीटर. दोन सेकंद लागले तर ५४, तीन सेकंद लागले तर ३६. शंभर-दीडशे गाड्या झाल्या की पुरे. फक्त काही पथ्यं पाळा. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाड्या घेऊ नका, पुढे रस्ता मोकळा आहे अशाच घ्या. दुचाकी, कार आणि टेम्पो-डंपर वेगळे लिहा. रस्त्याच्या कडेला जॅकेट घालून वही घेऊन उभं राहू नका, लोकांना वाटतं पोलिसांचं काहीतरी चाललंय आणि सगळे शहाण्यासारखे चालवायला लागतात. आणि संध्याकाळी सहाला मोजून "इथे स्पीडच नाही हो" असं म्हणू नका, संध्याकाळी जाममध्ये कोणाचाच स्पीड नसतो, दुपारी दोनला, रात्री दहानंतर आणि पहाटे लोक फिरायला बाहेर पडतात तेव्हा मोजा. आलेले आकडे चढत्या क्रमाने लावा आणि शंभरातला पंच्याऐंशीवा आकडा बघा, रोड इंजिनिअर सरासरीपेक्षा तोच विचारतो.

हे करताना कोणीतरी हमखास म्हणेल की लिमिट तर ७० आहे मग ५५ ने गेलं तर काय बिघडलं. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला कमाल ७० आणि दुचाकीला ६० हे खरंच आहे. पण ती वरची मर्यादा आहे, स्थानिक पातळीवर त्याहून कमी ठरवता येते आणि शाळेसमोर तर ठरवायलाच पाहिजे. शाळेसमोर ७० हे कोणाच्या डोक्यात बसतं देव जाणे.

स्पीडनंतर दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे थोडक्यात वाचलेले प्रसंग. यावर स्वीडनच्या लुंड विद्यापीठात क्रिस्टर हिडेन यांनी १९८० च्या दशकात पद्धतशीर काम केलं आणि आता कॅमेऱ्यामुळे ते सोपं झालंय. व्हिडिओत बघायचं की माणूस ज्या जागेवरून पुढे सरकला त्या जागेवर गाडी किती वेळाने पोचली. दीड सेकंदाच्या आत पोचली तर तो प्रसंग गंभीर धरा. साध्या मोबाइलच्या व्हिडिओत सेकंदाला तीस फ्रेम असतात, म्हणजे पंचेचाळीस फ्रेमच्या आत. कोणी दचकून मागे आलं, पळालं, गाडीने कच्चकन ब्रेक मारला, तेही लिहा.

काय दिसतं ते सांगते, कारण जवळजवळ प्रत्येक अशा रस्त्यावर एक प्रसंग दिसतोच. पीएमपीची (शहर बससेवेची) बस स्टॉपवर थांबते, खरं तर स्टॉपच्या थोडी पुढे, कारण स्टॉपवर रिक्षा लागलेल्या. एक बाई हातात भाजीची पिशवी घेऊन उतरते आणि बसच्या पुढून रस्ता ओलांडायला लागते. बस ड्रायव्हर तिला हाताने "जा" करतो, तो भला माणूस. ती बसच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत येते आणि नेमकी त्याच वेळी बसच्या उजवीकडून दुचाकी येते, तिला बाई दिसत नाही, बाईला दुचाकी दिसत नाही, दोघांच्या मध्ये अख्खी बस. ती एक पाय मागे घेते, पिशवी दुचाकीच्या आरशाला घासून जाते, दुचाकीवाला वळून काहीतरी बोलतो आणि निघून जातो. पोलिसांच्या नोंदीत हे शून्य. व्हिडिओच्या हिशोबात मात्र अर्ध्या सेकंदाचा प्रसंग, आणि त्याच कोपऱ्यावर असे दिवसाला दहा दिसले तर पुढचा अपघात कुठे होणार हे तुम्हाला आधीच कळलेलं असतं.

आणि इथेच नुसत्या झेब्राचा मुद्दा येतो. दोन लेनमधली एक गाडी थांबते, शेजारची थांबत नाही, आणि झेब्रा आहे म्हणून माणूस निर्धास्त पुढे जातो. अमेरिकेत चार्ल्स झेगीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस शहरांतली एक हजार झेब्रावाली आणि एक हजार बिनझेब्राची ठिकाणं तपासली, सिग्नल नसलेली. लहान रस्त्यांवर झेब्राने फार फरक पडला नाही, पण मल्टिलेन रस्त्यावर, डिव्हायडर नसेल तर दिवसाला १२,००० आणि डिव्हायडर असेल तर १५,००० च्या वर गाड्या असल्या, तर नुसता झेब्रा मारलेल्या जागी पादचाऱ्यांच्या अपघातांचं प्रमाण उलट जास्त निघालं. याचा अर्थ झेब्रा काढून टाका असा कोणी काढू नये, तिथे झेब्रासोबत गाडी हळू करणारं काहीतरी हवंच असा आहे. हा अभ्यास तिकडचा आहे जिथे झेब्रावर माणूस दिसला तर निदान थोडे लोक थांबतात, आपल्याकडे काय ते तुम्हाला माहीत आहे.

तिसरी मोजायची गोष्ट ओलांडायला लागणारा वेळ. दोन लेन म्हणजे साधारण सात मीटर. तरुण माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात, तो सहा सेकंदांत पार. गुडघे दुखणाऱ्या आजींना तेवढ्यालाच आठ सेकंद लागतात. आठ सेकंदांत ५० ची गाडी एकशे दहा मीटर येते, म्हणजे आजींना एकशे दहा मीटर लांबची गाडी बघून "आता जाऊ" हे ठरवायचंय, ते पण दोन लेनमधल्या दुचाकी, कार, टेम्पो सगळं धरून. ३० ची असेल तर सदुसष्ट मीटर. खाली एकाने "बघून ओलांडा ना, डोळे दिलेत देवाने" असं लिहिलंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की एकशे दहा मीटरवरच्या गाडीचा स्पीड डोळ्यांनी कोणालाच नीट कळत नाही, सात-आठ वर्षांच्या पोरांना तर अजिबात नाही.

आता तुमच्यापुढचे पर्याय.

पादचारी पूल. माझं मत सरळ आहे, अशा रस्त्यावर नको. खालून बस-ट्रक जायला साडेपाच मीटर मोकळं ठेवावं लागतं, वर गर्डरची जाडी, म्हणजे चाळीसेक पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या, कशासाठी तर चौदा-पंधरा मीटरचा रस्ता पार करायला. ज्या आजींसाठी पूल मागतोय त्याच तो चढणार नाहीत. युगांडात कंपाला शहराजवळ हायवेवर असा पूल बांधल्यावर संशोधकांनी माणसं मोजली तर साधारण तीनातला एकच जण पुलावरून जात होता. मुंबईत २००८ ला वांद्र्यापासून स्कायवॉक सुरू झाले, स्टेशनला थेट जोडलेले थोडेफार चालतात, बाकीच्यांची अवस्था मुंबईकरांना विचारा. रेल्वेलाइन किंवा एक्सप्रेसवे ओलांडायचा असेल तर पूल ठीक. शहरातल्या रस्त्यावर पूल म्हणजे गाड्यांना खाली मोकळं रान आणि ॲक्सिडेंट झालाच तर "पूल होता ना, मग खालून कशाला गेली" हे बोलायची सोय.

स्पीडब्रेकर. चालतो, पण मापाचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटीमीटर उंच सांगितलाय, २५ च्या स्पीडला गाडी आरामात जाते आणि ४५ ला दणका बसतो. आपल्याकडे रात्रीतून जो टाकतात तो फूटभर रुंद आणि बऱ्याचदा १० सेंटीमीटरहून उंच, रंग नाही, बोर्ड नाही, त्यावरून दुचाकीवर मागे बसलेली बाई पडते आणि मग तोच ॲक्सिडेंट स्पॉट होतो. बसचा रूट असेल तर गोलपेक्षा सपाट माथ्याचा चांगला.

तुमच्या वर्णनावरून मी दोन गोष्टी मागितल्या असत्या. एक, लोक आत्ता जिथून ओलांडतात नेमकं तिथेच टेबलटॉप क्रॉसिंग, म्हणजे फुटपाथच्या लेव्हलला उचललेला झेब्रा, दोन्हीकडे उतार, माणूस सरळ चालत जातो आणि गाडी वर चढते. दोन, डिव्हायडरमध्ये थांबायला नीट जागा, निदान १.२ मीटर, पण शक्य असेल तर दोन मीटर, कारण सायकल जवळपास १.८ मीटर लांब असते आणि तिचं पुढचं चाक रस्त्यात राहून चालत नाही. आजींना मग एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघायच्या असतात. अमेरिकेच्या फेडरल हायवे खात्याच्या आकडेवारीत झेब्राच्या जागी असा उंच मीडियन (म्हणजे डिव्हायडर) असला तर पादचाऱ्यांचे अपघात ४६ टक्क्यांनी कमी दिसतात. "नेमकं तिथेच" हे मी मुद्दाम म्हणतेय. डिव्हायडरची जाळी जिथे वाकवलीय, रोपं तुडवलेली आहेत, तिथे लोकांनी आधीच जागा ठरवलेली असते. ती जाळी परत वेल्डिंग करून शंभर मीटर पुढे क्रॉसिंग दिलं तर महिनाभरात जाळी पुन्हा वाकते.

सिग्नल हवा असेल तर ऑफिसमध्ये एक सूत्र ऐकायला मिळेल, पी-व्ही-स्क्वेअर. गर्दीच्या तासाला ओलांडणारी माणसं गुणिले गाड्यांच्या संख्येचा वर्ग, डिव्हायडरवाल्या रस्त्यावर हे २० कोटींच्या वर आणि बिनडिव्हायडरच्या रस्त्यावर १० कोटींच्या वर गेलं तर नियंत्रित क्रॉसिंग द्यावं. घाबरू नका, आकडा मोठा वाटतो पण तासाला २,००० गाड्या असतील तर फक्त पन्नास माणसांत तो गाठला जातो. तुमचा मोजलेला आकडा हातात असेल तर साहेबांना "गरज नाही" म्हणणं जड जातं. या सूत्रात एक मोठी खोट आहे ती पण लक्षात ठेवा. रस्ता इतका भीतीदायक असला की लोक ओलांडायचंच सोडून देतात, म्हातारी माणसं समोरच्या भाजीला जात नाहीत, मुलांना रिक्षा लावली जाते, आणि मग मोजणीत माणसंच कमी येतात आणि कागदावर रस्ता सुरक्षित दिसतो. म्हणून शाळेत एक साधा प्रश्न विचारा, किती मुलं हाकेच्या अंतरावर राहतात आणि त्यातली किती चालत येतात. तो आकडा रिपोर्टमध्ये घाला.

फुटपाथचं थोडक्यात. स्वच्छ १.८ मीटर मोकळी रुंदी आणि कर्ब (फुटपाथची कड) १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको, हा नियम आहे. टेप घेऊन चाला आणि कुठे विजेचा डीपी बॉक्स, कुठे झाड, कुठे पार्किंग, कुठे चेंबरचं झाकण वर आलेलं, कुठे सोसायटीच्या गेटसाठी फुटपाथ तोडलाय त्याचे फोटो काढा. प्रत्येक गेटला उतरा-चढा असलं की लोक रस्त्यावरूनच चालतात, त्यात त्यांचा दोष नाही. आणि हो, त्यातली निम्मी गेटं तुमच्याच सोसायट्यांची असतील, ते बोलायची तयारी ठेवा. फुटपाथ नीट केला की कसं दिसतं ते बघायचं असेल तर जंगली महाराज रोडला जाऊन या.

सायकलचं वेगळं लिहिते कारण ते फुटपाथच्या खात्यात ढकललं की बिघडतं. नुसता पांढरा पट्टा मारून सायकलचं चित्र काढलेली लेन म्हणजे पार्किंगला दिलेलं आमंत्रण, पुण्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको. अलग केलेल्या ट्रॅकचा मात्र खरंच उपयोग दिसलाय. कॅनडात के टेश्के यांच्या गटाने टोरांटो आणि व्हँकुव्हरमधल्या ६९० जखमी सायकलस्वारांना विचारून त्यांचा तो सगळा प्रवास तपासला, अपघात झाला ती जागा आणि त्याच प्रवासातली दुसरी कुठलीही जागा यांची तुलना केली, म्हणजे माणूस तोच, हवा तीच, फक्त रस्ता वेगळा. कडेला पार्किंग असलेल्या मोठ्या रस्त्याच्या मानाने अलग ट्रॅकवर धोका साधारण नवव्या हिश्शाचा निघाला. पण आपल्याकडे लावताना दोन गोष्टी बघायच्या. ट्रॅकवर दुचाकी घुसते, आणि ट्रॅक चौकात आणि गल्लीच्या तोंडाशी संपतो, नेमका जिथे धडका होतात तिथेच. मुलाचा पाय कुठे मोडला ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण पैज लावायची झाली तर मी म्हणेन की गल्लीत लेफ्ट मारणाऱ्या गाडीने आडवं घेतलं असणार. तसं असेल तर ट्रॅकची वाट न बघता त्या गल्लीचं तोंड अरुंद करणं आणि वळण काटकोनी करणं हे आधी मागा, गाडीला वळताना हळू व्हावंच लागतं आणि खर्च तुलनेने कमी. डंपर आणि सिमेंट मिक्सर जात असतील तर शाळेच्या वेळात त्यांना बंदी मागा, ड्रायव्हरला डाव्या बाजूची सायकल केबिनमधून दिसतच नाही. हेल्मेट घालू द्या, पडला तर डोकं वाचतं, पण मिक्सरपुढे हेल्मेट हा उपाय नाही.

कोणीतरी वर "जास्त लोक सायकल चालवायला लागले की आपोआप सेफ होतं" असं लिहिलंय. हे पीटर जेकबसन यांच्या २००३ च्या अभ्यासातून आलंय, चालणारे-सायकलवाले दुप्पट झाले तर जखमी दुप्पट होत नाहीत, साधारण ३२ टक्के वाढतात, म्हणजे प्रत्येकाचा धोका तिसऱ्या हिश्शाने उतरतो. खरं आहे, पण लोक वाढल्यामुळे रस्ता सुरक्षित झाला की सुरक्षित होता म्हणून लोक वाढले हे त्यातून ठरत नाही. त्यामुळे पोरांना आधी रस्त्यावर उतरवा आणि मग बघू, असं मी तरी कोणाला सांगणार नाही.

आत्तापर्यंतचं एका दमात सांगायचं तर तीन वेळांचा स्पीड, आठवडाभरातले एक-दोन दिवस व्हिडिओवरून थोडक्यात वाचलेले प्रसंग, ओलांडणाऱ्यांची संख्या आणि जागा, फुटपाथचे फोटो, आणि जोडीला पोलीस-दवाखान्याची यादी. याचा चार पानांचा कागद करा, पहिल्या पानावर नकाशा आणि त्यावर लाल ठिपके. क्षेत्रीय कार्यालय, पथ विभाग आणि वाहतूक पोलीस तिघांना एकाच दिवशी द्या आणि प्रत्येकाची पोच घ्या, नाहीतर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. महापालिकेने २०१६ ला पादचारी धोरण मंजूर केलंय, त्याचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात करा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १९८-अ कलमही आहे, रस्त्याचं डिझाइन किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर संबंधित यंत्रणा आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. ते धमकी म्हणून लिहू नका, शेवटी एका ओळीत येऊ द्या, वाचणाऱ्याला कळतं.

काम मंजूर व्हायला वेळ लागला तर मध्ये तात्पुरतं करून दाखवायची परवानगी मागा. प्लास्टिकचे बोलार्ड (छोटे खांब), रंग, वाळूची पोती, यांनी डिव्हायडरपाशी थांबायची जागा आणि गल्लीचं तोंड दोन्ही महिनाभरासाठी आखता येतं. त्या महिन्यात तोच कॅमेरा त्याच गॅलरीत लावून परत स्पीड मोजा. पंच्याऐंशीवा आकडा ५२ वरून ३८ ला आला असं काही हातात आलं तर पक्कं काम करायला कोणाला समजवावं लागत नाही, आणि नाही आला तर डिझाइन बदलायची संधी मिळते, काँक्रीट ओतल्यावर ती मिळत नाही. लंडनमध्ये ताशी वीस मैलांचे झोन केले त्याच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा जखमींची संख्या जवळपास ४२ टक्क्यांनी घटलेली निघाली, पण ते झोन उंचवटे आणि अरुंद केलेली तोंडं घालून केलेले होते. नुसती पाटी लावून तेवढाच फरक पडेल अशी आशा करू नका.

व्हिडिओत नंबरप्लेट आणि चेहरे दिसतात, तो ग्रुपवर फिरवू नका, फक्त आकडे आणि ब्लर केलेले दोन-तीन फोटो रिपोर्टला लावा.

आणि मला तीन मापं टेपने मोजून इथेच टाका: एका बाजूच्या दोन लेन मिळून किती मीटर, डिव्हायडर किती रुंद, आणि बस स्टॉप क्रॉसिंगच्या जागेपासून किती लांब. डिव्हायडर मीटरभरच असेल तर लेन थोड्या आवळून जागा काढता येते का ते बघून सांगते, स्टॉप क्रॉसिंगच्या आधी असेल तर तो पुढे हलवायचं पत्र पीएमपीला वेगळं द्यावं लागेल.